माटुंग्याच्या टाकीपासून जाजमऊच्या कालव्यापर्यंत: स्वस्त सांडपाणी-शुद्धीकरणाची गोष्ट

१८९७ सालची मुंबई. शहर प्लेगने हादरलेले, गिरण्यांतले कामगार गावाकडे पळालेले. त्याच काळात माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात एक शांत प्रयोग चालू होता. सांडपाण्याच्या बंद टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय केली होती आणि त्या वायूवर इंजिन चालवले जात होते. मैल्याच्या वायूपासून यंत्रशक्ती मिळवल्याच्या जगातील सर्वांत जुन्या नोंदींमध्ये माटुंग्याची ही नोंद धरली जाते.

घाण पाणी स्वच्छ करायचे, त्यासाठी जवळपास काहीच खर्च करायचा नाही आणि वर इंधनही मिळवायचे, हे स्वप्न म्हणजे एकविसाव्या शतकाचा शोध नव्हे. मग नव्वद वर्षांनंतरही कानपूरच्या टॅनऱ्यांचे पाणी जसेच्या तसे गंगेत का जात होते? आणि स्वस्त संयंत्र अखेर तेथे उभे राहिले, तेव्हाही प्रश्न का सुटला नाही? या धाग्याचा विषय हाच आहे.

आधी त्या टाकीत काय घडते ते पाहू. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाणारे जिवाणू ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. काहींना प्राणवायू लागतो. काही प्राणवायूविना जगतात आणि खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग मिथेन वायूच्या रूपाने बाहेर टाकतात. दलदलीतून बुडबुडे येतात ते याच दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंमुळे. बंद टाकी ही या अर्थाने माणसाने बांधलेली दलदलच.

फ्रान्समध्ये लुई मुरास यांच्या बंद टाकीचे वर्णन १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमरॉन यांनी १८९५ मध्ये अशीच टाकी बांधली, तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले आणि तिच्यातील वायूवर तेथील दिवे लावले. पुढची हकीकत कमी सांगितली जाते. कॅमरॉन यांच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या पेटंटची मालक कंपनी अमेरिकेतील नगरपालिकांना न्यायालयात खेचू लागली. साराटोगा स्प्रिंग्ज या लहानशा गावावरील खटला त्यांपैकी प्रसिद्ध आहे. कुजणे ही निसर्गातील क्रिया, पण तिच्या वापराचे शुल्क मात्र कंपनीला द्यायचे!

यानंतर शुद्धीकरणाची मुख्य वाट दुसरीकडे वळली. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या डेव्हीह्यूम केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात सतत हवा सोडून पाहिली आणि तयार झालेला जिवंत गाळ टाकून न देता पुन:पुन्हा वापरला. पूर्वी अनेक आठवडे घेणारे काम काही तासांत होऊ लागले. पाणीही अधिक स्वच्छ निघे. या ‘सक्रिय गाळ’ पद्धतीने विसावे शतक जिंकले. (तिच्याही पेटंटवरून शिकागो आणि मिलवॉकी या शहरांना खटले लढावे लागलेच.)

परंतु हवा फुकट मिळते, ती पाण्यात ढकलणे फुकट होत नाही. त्यासाठी अहोरात्र चालणारी यंत्रे हवीत, यंत्रांना अखंड वीज हवी. शिवाय प्राणवायूवर पोसलेले जिवाणू खाल्लेल्या अन्नापैकी जवळपास निम्म्याचे रूपांतर स्वतःच्या शरीरात करतात. म्हणजे पाणी स्वच्छ होते आणि मागे गाळाचे डोंगर उरतात. प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंची वाढ मंद, त्यामुळे त्यांचा गाळ थोडा. मात्र ही मंद वाढच त्यांची अडचण ठरली. एकदा पाण्याबरोबर वाहून गेले की त्यांची फौज पुन्हा उभी राहायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे घरामागची टाकी आणि गाळ कुजवण्याची कुंडी एवढीच त्यांची जागा उरली. कारखान्याच्या मोठ्या प्रवाहासाठी ते बिनकामाचे, असा समज रूढ झाला.

हा समज मोडला तो नेदरलँड्समधील साखर कारखान्यांत.

१९७० मध्ये नेदरलँड्सने भूपृष्ठावरील पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा लागू केला. त्यातील कळीची तरतूद दंडाची नव्हती, आकारणीची होती. कारखान्याच्या सांडपाण्यातील घाण किती माणसांच्या रोजच्या मैल्याइतकी आहे हे मोजायचे आणि त्या प्रमाणात दरवर्षी पैसे वसूल करायचे. बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यांची यामुळे पंचाईत झाली. बीट धुतलेल्या पाण्यात साखर उतरते, ते पाणी झपाट्याने आंबते आणि त्याचा भार एखाद्या शहराएवढा भरतो. त्यात हा हंगामी धंदा. उसाच्या गळीत हंगामाची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. तीन-चार महिने पाण्याचा लोंढा, मग उरलेले वर्ष कोरडे. इतक्या थोड्या काळासाठी हवा फुंकणारी प्रचंड यंत्रणा कोण उभारणार?

वागेनिंगेनच्या कृषी विद्यापीठात गात्झे लेटिंगा नावाचे संशोधक याच सुमारास प्राणवायूविरहित पद्धतीवर काम करू लागले. त्यांच्याआधी अमेरिकेत जेम्स यंग आणि पेरी मॅकार्टी यांनी १९६९ मध्ये खडी भरलेल्या टाकीचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. खडीला चिकटलेले जिवाणू वाहून जात नाहीत, ही त्यामागील युक्ती. लेटिंगांनी खडीच काढून टाकली. पाणी टाकीच्या तळातून आत सोडायचे आणि संथपणे वर चढू द्यायचे. मध्ये जिवाणूंच्या गाळाचा जाड थर तरंगत राहतो, पाणी त्यातून गाळले जाते. वरच्या बाजूला उलट्या नरसाळ्यासारखे आच्छादन असते. तेथे वायू एका वाटेने, पाणी दुसऱ्या वाटेने बाहेर पडते आणि गाळ आपल्या वजनाने परत खाली बसतो. टाकीच्या आत फिरणारा एकही भाग नाही.

साखर कारखान्यात ही टाकी चालवताना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. गाळ नुसता गाळ राहिला नव्हता. जिवाणू एकमेकांना बिलगून मोहरीएवढे घट्ट दाणे तयार झाले होते. जड असल्यामुळे हे दाणे प्रवाहात टिकून राहत, आणि हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने उपाशी पडूनही पुढच्या हंगामात पुन्हा कामाला लागत. सहा घनमीटरच्या प्रायोगिक टाकीपासून दोनशे घनमीटरच्या टाकीपर्यंतचा हा प्रवास लेटिंगा आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला. या पद्धतीला पुढे ‘यूएएसबी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी जग ओळखू लागले.

लेटिंगांनी तिचे पेटंट घेतले नाही. सेप्टिक टँक आणि सक्रिय गाळ या दोन्ही पद्धतींचा न्यायालयीन इतिहास पाहिला की या निर्णयाचे वजन कळते. २००७ मध्ये त्यांना टायलर पुरस्कार आणि २००९ मध्ये सिंगापूरचा ली क्वान यू जल पुरस्कार मिळाला, तो अर्थात पुष्कळ नंतरचा भाग.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे, कारण पुढे तिची गरज पडणार आहे. डच कारखान्यांनी स्वस्त पद्धत स्वीकारली ती घाण सोडणे महाग झाल्यामुळे. आकारणी आधी आली, टाकी नंतर. आणि साखरेच्या पाण्यात जे काही होते ते सारे जिवाणूंचे अन्न होते.

आता कानपूर.

गंगेकाठच्या या लष्करी छावणीत १८५७ नंतर चामड्याचा उद्योग रुजला. १८६० च्या दशकात सरकारी खोगीर-कारखाना आला, १८८० च्या दशकाच्या आरंभी कूपर ॲलन ही बूट बनवणारी कंपनी आली. कातडे कमावण्यासाठी लागणारी बाभळीची साल आसपास मुबलक होती. सालीच्या पाण्यात जाड कातडे मुरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागत. त्या पाण्याला रंग होता, दुर्गंधी होती. पण ते शेवटी झाडाचेच पाणी होते.

क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये व्यवहारात आणली. तिने आठवड्यांचे काम दिवसांवर आणले आणि चामडे मऊ, टिकाऊ व उष्णता सहन करणारे होऊ लागले. कानपुरात ती सर्वत्र पसरली ती मात्र बऱ्याच उशिरा, आणि त्यामागे सरकारी धोरणाचा हात होता. १९७२ च्या सीतारामय्या समितीच्या शिफारशींनंतर भारताने कच्च्या व अर्धवट कमावलेल्या कातड्याच्या निर्यातीवर निर्बंध आणले. हेतू योग्य होता. कच्चा माल परदेशी जाण्याऐवजी तयार चामडे जावे, रोजगार इथे वाढावा. पाश्चात्त्य देशांत कातडे कमावण्याचा धंदा याच दशकांत आक्रसत होता आणि तिकडचे प्रदूषणाचे नियम कडक होत होते. तयार चामड्याबरोबर रोजगार आला. पूर्वी परदेशातील नद्यांत जाणारे क्रोमियमही आले.

शहराच्या पूर्वेला गंगेच्या काठावरील जाजमऊ या भागात टॅनऱ्यांची दाटी झाली. मालक बहुतांशी मुस्लिम, कामगार मुस्लिम आणि दलित. बरेचसे कारखाने एखाद्या वाड्याएवढे लहान. कातडे ताजे चामडे होईपर्यंत मीठ, चुना, सल्फाइड आणि क्रोमियम या चौघांतून जाते. यांतील क्रोमियमचा सुमारे तीस ते चाळीस टक्के भाग कातड्यात शोषला न जाता मोरीत जातो. जल प्रदूषणविरोधी कायदा देशात १९७४ पासून होता. जाजमऊच्या मोऱ्यांना त्याची कल्पना नव्हती.

१९८५ मध्ये वकील एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर १९८७ रोजी न्या. ई. एस. वेंकटरामय्या आणि न्या. के. एन. सिंह यांच्या पीठाने जाजमऊच्या टॅनऱ्यांविषयी निकाल दिला. टॅनरीमालकांचे म्हणणे होते की प्राथमिक प्रक्रिया, म्हणजे गाळ बसवणे वगैरे, कशीबशी परवडेल, त्यापुढची नाही. न्यायालयाने प्राथमिक प्रक्रिया बंधनकारक केली आणि ऐपतीचा मुद्दा फेटाळला. जो उद्योग किमान वेतन देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नसतो, तसाच प्राथमिक संयंत्र बसवू न शकणाऱ्या टॅनरीलाही तो नाही, असा निकालाचा आशय होता. पर्यावरणाच्या कायद्याचा अभ्यास करणारे आजही या ओळीकडे परत जातात. परंतु निकालाची दुसरी बाजू तितकी चर्चिली जात नाही. प्राथमिक प्रक्रियेनंतर उरलेल्या कामाचे, अर्थात खऱ्या खर्चाच्या कामाचे काय, हा प्रश्न सरकारच्या दारात येऊन थांबला.

सरकारजवळ तेव्हा एक योजना होती. गंगा कृती योजना १४ जून १९८६ रोजी वाराणसीत पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते सुरू झाली होती. कानपूर आणि मिर्झापूर या दोन शहरांसाठी नेदरलँड्सचे साहाय्य मिळाले आणि त्या साहाय्याबरोबर लेटिंगांची टाकी आली. उष्ण हवामान या पद्धतीला मानवते. घरगुती सांडपाण्यासारखे पातळ पाणी थंड हॉलंडमध्ये तिला नीट पचत नव्हते, पण कोलंबियातील काली शहरात १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगाने उष्ण प्रदेशात ते जमते हे दाखवून दिले होते.

जाजमऊत १९८९ मध्ये रोज पन्नास लाख लिटर घरगुती सांडपाणी हाताळणारे प्रायोगिक संयंत्र सुरू झाले. बाराशे घनमीटरची टाकी, पाणी आत राहण्याचा काळ सुमारे सहा तास, आणि हवा फुंकणारे एकही यंत्र नाही. पाण्यातील सेंद्रिय भाराचा तीन-चतुर्थांश हिस्सा त्यात नाहीसा होत असे. वीजकपातीच्या उत्तर प्रदेशात हे आकडे म्हणजे लॉटरीच वाटली असणार. पुढे यमुना कृती योजनेत उत्तर प्रदेश आणि हरियाणातील अनेक शहरांनी हीच पद्धत उचलली.

मग १९९४ मध्ये टॅनऱ्यांसाठीचे सामायिक संयंत्र आले. क्षमता रोज ३ कोटी ६० लाख लिटर. त्यात ९० लाख लिटर टॅनऱ्यांचे पाणी आणि २ कोटी ७० लाख लिटर घरगुती सांडपाणी, म्हणजे एकास तीन हे प्रमाण. टॅनरीचे पाणी एकटे दिले असते तर जिवाणू मेले असते, म्हणून त्यात शहराचे पाणी मिसळून ते सौम्य करायचे. आखणी करताना सुमारे १७५ टॅनऱ्या गृहीत धरल्या होत्या.

कागदावर उत्तम असलेली ही योजना प्रत्यक्षात तीन ठिकाणी अडकली.

पहिली अडचण रसायनशास्त्राची. टॅनरीच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंमध्ये सल्फेटवर जगणारी एक जमात असते आणि ती मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचा घास पळवते. मिथेनऐवजी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो काँक्रीट पोखरतो, लोखंड खातो. ज्या वायूच्या बळावर संयंत्र आपला खर्च भागवणार होते, तो वायूच नासका झाला.

दुसरी अडचण हिशेबाची. टॅनऱ्यांची संख्या कालांतराने चारशेच्या घरात गेली, संयंत्र तेवढेच राहिले. देखभालीच्या खर्चात मालकांनी वाटा उचलायचा होता. किती, कोणत्या आधारावर आणि कोणी वसूल करायचा, यावर महापालिका, जलनिगम आणि मालक यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. टाकीला हवेचे यंत्र लागत नसले तरी टॅनऱ्यांचे पाणी टाकीपर्यंत उपसून नेणारे पंप विजेवर चालत. वीज गेली की पाणी जुन्या वाटेने गंगेत. डच कायद्यात जी आकारणी आधी आली होती, ती कानपुरात टाकीनंतरही आली नाही. टाकी आयात झाली, तिला जन्म देणारा कायदा मागेच राहिला.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. क्रोमियम हे मूलद्रव्य आहे. जिवाणू साखर खाऊन तिचा वायू करू शकतात, क्रोमियमचा नाही. टाकीत शिरलेले क्रोमियम एकतर गाळात बसते नाहीतर पाण्याबरोबर बाहेर पडते, तिसरी वाट नाही. घरगुती सांडपाण्याचा गाळ शेतकरी खत म्हणून नेतात. जाजमऊच्या सामायिक संयंत्राचा गाळ खत राहिला नाही, धोकादायक कचरा झाला.

याला उपाय नव्हता असे मात्र नाही, आणि तोही महागडा नव्हता. क्रोमियमचे पाणी बाकीच्या पाण्यात मिसळू न देता टॅनरीतच वेगळे धरायचे. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड टाकले की क्रोमियम हिरवट गाळ होऊन तळाशी बसते. वरचे पाणी काढून गाळात गंधकाम्ल घातले की कातडे कमावण्याचे क्रोमियम पुन्हा हाती येते आणि पुढच्या कातड्याला वापरता येते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने ही पद्धत देशभर पोहोचवली आणि डच प्रकल्पातही ती दाखवली गेली. मोठ्या टॅनऱ्यांनी ती बसवलीही, कारण वाचलेल्या क्रोमियमचे पैसे काही काळात यंत्रणेचा खर्च भरून काढत. लहान टॅनऱ्यांकडे वेगळी मोरी काढायला जागा नव्हती, की गाळ आणि आम्ल हाताळणारा माणूस नव्हता. सारे पाणी एकाच मोरीत सोडणे हीच त्यांची बचत होती.

ती बचत गेली कुठे, हे पाहायचे तर संयंत्राच्या पलीकडे जावे लागते. जाजमऊच्या खालच्या अंगाला शेखपूर, मोतीपूर अशी गावे आहेत. शहराचे सांडपाणी शेतीला देण्याची तेथे जुनी रीत होती. त्या पाण्यात खत होते आणि शेतकऱ्यांना ते हवे असे. योजनेनंतर संयंत्रातून बाहेर पडणारे पाणी त्याच कालव्यांत सोडले गेले. सरकारी भाषेत याला प्रक्रिया केलेल्या पाण्याचा पुनर्वापर म्हणतात, आणि गंगेच्या दृष्टीने ते बरोबरही होते, कारण तेवढे पाणी नदीत जात नव्हते. गेल्या तीन दशकांत झालेल्या अनेक अभ्यासांत या कालव्यांवर भिजणाऱ्या जमिनींत आणि पिकांत क्रोमियम साचल्याचे आढळले आहे. न्यायालयात टॅनरीमालकांची ऐपत चर्चेला आली होती, सरकारची आली होती. शेखपूरच्या शेतकऱ्याच्या ऐपतीचा प्रश्न त्या खटल्यात कुणी काढला नव्हता, कारण तो पक्षकारच नव्हता.

२०१८ च्या अखेरीस प्रयागराजच्या कुंभमेळ्याची तयारी सुरू झाली, तेव्हा सरकारने कानपूरच्या टॅनऱ्यांना १५ डिसेंबर २०१८ ते १५ मार्च २०१९ असे तीन महिने बंद राहण्याचा आदेश दिला. स्नानाच्या पर्वण्यांना पाणी स्वच्छ हवे होते. नव्वदच्या दशकात उभारलेल्या सामायिक संयंत्राला तोवर चोवीस वर्षे झाली होती. त्या तीन महिन्यांत मालकांचे परदेशी सौदे हुकले, रोजंदारीवरचे कामगार घरी बसले. कालव्याकाठच्या शेतांत तोपर्यंत साचलेले क्रोमियम जिथल्या तिथे राहिले.